बाईंचा गळा

आमच्या शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटायचं, आत भांडण चाललंय. तसं काही नसायचं. निजामपुऱ्यातल्या त्या मुलींच्या शाळेची आणि शेजारच्या लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, गाळ्याची भिंत एकच होती, आणि पलीकडे सकाळपासून लूम खडखडत असायचे. त्यावर आवाज चढवल्याशिवाय 'पाणी पिऊ का' एवढंसुद्धा विचारता यायचं नाही. प्रार्थना ओरडून, हजेरी ओरडून, सुविचारही ओरडून. शांततेचं महत्त्व सांगणारा सुविचार ज्या मुलीच्या वाट्याला यायचा, ती तर बेंबीच्या देठापासून ओरडायची.

तळमजल्यावर, त्या भिंतीला अगदी चिकटून, शिशुवर्ग होता. त्या वर्गाच्या बाई म्हणजे माझी आई.

फाटकातून आत गेलं की तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असं आमच्यात ठरलं होतं. ठरलं कसलं, तिनं सांगितलं आणि मला मान हलवावी लागली. वर्गात मी चुकून 'आई' म्हटलं तर ती वळायचीच नाही. दुसऱ्या कुणी पोरीनं चुकून 'आई' म्हटलं, आणि शिशुवर्गातल्या पोरी ते रोजच म्हणतात, तर मात्र ती हसून 'काय गं बाळा' म्हणायची. हा अन्याय मला चार वर्षांची असताना कळत होता आणि अजूनही कळतो.

लूमच्या आवाजाची अडचण सगळ्यात जास्त आमच्या वर्गाला होती. मोठ्या मुली फळ्यावरचं वाचून घ्यायच्या. आम्हाला तर अजून वाचायलाच शिकायचं होतं. लूम चालू असताना 'प' आणि 'ब' अगदी सारखे ऐकू येतात. 'ट' आणि 'ड'चं तेच, 'क' आणि 'ग'चं तेच. त्यात निम्म्या पोरींच्या घरी मराठी नव्हती. लूमवर काम करणाऱ्यांच्या मुली त्या. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या उर्दू, कुणाच्या तेलुगू. आईनं आधी घसा फोडून पाहिला असणार, आणि मग कधीतरी तिला तिची युक्ती सापडली असणार. ज्या पोरीला अक्षर कळत नसे तिला ती खुर्चीजवळ बोलवायची, आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे उभी करायची, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची आणि हनुवटी वर करून म्हणायची, "ब." ओठ मिटलेले असतानाच गळ्यात गुणगुण सुरू झाली तर तो ब. गळा गप्प राहिला तर प. "गुणगुणतं हाय का न्हाय?" ती विचारायची. आई मूळची खाडीकडच्या गावातली. मोठ्या बाईंसमोर ती अगदी पुस्तकातलं बोलायची, पण लहान पोरींशी बोलताना गाव तिच्या तोंडात परत यायचं.

पोरी ह्याला 'गळा' म्हणायच्या. "बाई, मला गळा द्या." "आज गळा कुणाला?" शाळा सुटल्यावर फाटकाजवळ घ्यायला आलेल्या आयांना सांगायच्या, "अम्मी, आज मेरेको गळा मिला." बाकी शाळांत पोरींना चांगलं अक्षर काढल्यावर तारे मिळतात. आमच्याकडे अक्षर न आल्यावर गळा मिळायचा, आणि त्याचीच ऐट जास्त होती.

मला तो कधीच मिळाला नाही.

कारण साधं होतं. आम्ही शहराबाहेर, कोन गावात राहायचो. वडील गोदामात, आजी भाजीची पाटी घेऊन बाजारात, मग घरी मला बघणार कोण? म्हणून मी वर्गात रीतसर बसायच्या कितीतरी आधीपासून आई मला बरोबर न्यायची आणि मागच्या कोपऱ्यात सतरंजीच्या तुकड्यावर बसवायची. तिथे बसून दुसऱ्यांच्या पोरी शिकताना बघणं, एवढाच मला उद्योग. आईचे ओठ, हनुवटी, पोरीचा हात. बघून बघून मला सगळी अक्षरं येऊ लागली. माझं नाव हजेरीत लागलं तेव्हा माझं शिकून झालं होतं. आणि आई तर न येणाऱ्यांनाच बोलवायची.

त्यात तिला दुसरी एक भीती होती. बाई स्वतःच्या पोरीला जवळ घेतात, असं कुणी म्हणायला नको. म्हणून ती खाऊ वाटताना मला शेवटी द्यायची, रांगेत मला शेवटी उभी करायची, नाचात मला मागे ठेवायची. एकदा मोठ्या बाईंनी तिला म्हटलेलं मी ऐकलं, "तुमची मुलगी वर्गात आहे हे आम्हाला कळतच नाही हो." आईला ते कौतुक वाटलं. मला आजही ते वाक्य आठवलं की डोकं तापतं.

आता घरी तरी ती माझी असेल, असं कुणाला वाटेल. शाळा सुटली की आम्ही चालत धामणकर नाक्यावर यायचो आणि कल्याणकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसायचो. रिक्षात बसलं की तिला पुन्हा आई म्हणायची परवानगी होती. पण तोवर तिचा आवाज संपलेला असायचा. दिवसभर लूमशी झगडून तिच्या घशातून नुसती हवा निघायची. मी मांडीवर बसून विचारायचे, "आई, ते कोल्ह्याचं गाणं म्हण ना." ती पदर नाकातोंडावर धरायची आणि मानेनंच नाही म्हणायची. घरी आल्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग स्वयंपाक, आणि सगळं खुणांवर. टाळी वाजवली की मी यायचं, बोट दाखवलं की ती वस्तू द्यायची. आजी म्हणायची, "तुजी आय शालेत बोलून बोलून आटली. घरा काय बोलंल?" गाणी शाळेत, गोष्टी शाळेत, 'काय गं बाळा' शाळेत. घरी माझ्या वाट्याला टाळी.

माझं नाव हजेरीत लागलं त्या वर्षी, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाल्यावर ती पोर आली. कुठल्याशा तेलुगू घरातली, तेल लावून चोपलेल्या दोन वेण्या, डोळ्यांत ठसठशीत काजळ. मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला. तिचे वडील नाईट शिफ्ट करून दिवसा झोपायचे, एकाच खोलीत, त्यामुळे घरी हिला तोंड उघडायची सोय नव्हती. हे आईनं एकदा शेजारच्या वर्गाच्या बाईंना सांगितलं, फार हळवं होऊन. मी ते ऐकलं. मला अजिबात हळवं झालं नाही. माझ्या घरी तरी कोण बोलत होतं?

तिला कुठलंच अक्षर येत नव्हतं, म्हणून तिला सगळ्याच अक्षरांना गळा. रोज. सकाळी आल्या आल्या ती दप्तर ठेवायची आणि न बोलावता आईच्या गुडघ्यांमधे जाऊन उभी राहायची. पहिल्या पहिल्यांदा नुसता हात ठेवून गप्प उभी असायची. बहुतेक तिला गंमत वाटत असेल की ह्या बाईच्या आत काहीतरी गुणगुणतंय. मग हळूहळू ती बोलू लागली. आणि बोलू लागली ती कशी? हुबेहूब माझ्या आईसारखी. मराठी तिनं दुसऱ्या कुणाकडून ऐकलीच नव्हती ना. तोच सूर, शब्दाच्या शेवटी तोच हेल, प्रश्न विचारताना तशीच हनुवटी वर. "पानी प्याला हवं हाय," असं म्हणायची ती तेलुगू घरातली पोर, आणि आई इतकी हसायची की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी आईच्या पोटची, पण मी बोलायचे तशा त्या गल्लीतल्या सगळ्याच पोरी बोलायच्या. आईसारखं बोलणारी वर्गात एकच होती आणि ती मी नव्हते.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या वेण्या, तिचं काजळ, तिच्या डब्यातला तो आंबट भात, सगळं माझ्या डोळ्यांत खुपायचं. ती आजारी पडावी, तिच्या वडिलांना दुसऱ्या गावी काम लागावं, असं मी देवाला सांगायचे. देवानं ऐकलं नाही. ती एकदाही आजारी पडली नाही.

मग मी ठरवलं, आपल्याला यायचंच नाही. ज्यांना येत नाही त्यांना गळा मिळतो ना? बरं. मलाही येत नाही. ह्याबद्दल मला लाज वगैरे काही वाटत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी आई चित्रं दाखवत होती. चित्र बघायचं आणि समोरच्या कार्डांतून पहिलं अक्षर उचलून दाखवायचं. माझी पाळी आली, बदकाचं चित्र होतं. मी ऐटीत 'प' उचलला. वर्गात कुणाचं लक्ष नव्हतं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरून काहीच कळेना. मी पुढे सरकायची तयारी केली होती, एक पाय उचललाही होता. बसल्या बसल्या मी मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं की उजवा हात लावायचा की डावा.

आईनं तेलुगू पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "हिला जरा तू दाखव."

ही आमच्या वर्गाची रीतच होती. चाळीसभर पोरी आणि एक गळा, म्हणून जिला आलं तिनं न येणाऱ्या एखादीला दाखवायचं, आणि तिला ब आता येत होता. एरवी मला त्यात काही वावगं वाटलं नसतं. ती आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली, माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि हनुवटी वर केली. "ब," ती म्हणाली. "गुणगुणतं हाय का न्हाय?" त्या गळ्यावर हात असताना माझ्या मनात काय काय आलं, ते इथे लिहीत नाही.

मी म्हटलं, "प."

"न्हाय गं. ब."

"प."

ती चिडली नाही, हेच मला सहन होईना. पुन्हा हात, पुन्हा हनुवटी, पुन्हा ब. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी इरेला पेटले होते. ही कंटाळेल, आईला सांगेल की हिला येतच नाही, मग आईला मला बोलवावंच लागेल, असे मांडे मी मनात खात होते. ती काही कंटाळेना. उलट तिला शिकवण्याची हौस लागली. मधल्या सुट्टीत भात खाता खाता तोंडात घास असताना ती माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, "ब."

हे असं चालू असताना एका शुक्रवारी साहेब आले. कुठल्यातरी खात्यातले, शाळा बघायला. शुक्रवारी लूमला सुट्टी असते. त्या दिवशी भिंत गप्प असायची आणि आम्हाला सगळ्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. शुक्रवारी शिशुवर्गातल्या पोरी उगीचच रडायच्या. साहेब दारात उभे राहिले. आई उठली, आम्ही उठलो, आणि रोजच्या सवयीनं सगळ्या वर्गानं एकदम म्हटलं, "नमस्ते साहेब!"

साहेबांनी दोन्ही हात कानांवर नेले आणि ते एक पाऊल मागे गेले. बरोबरच्या माणसाच्या हातातली फाईल खाली पडली.

"अहो, हळू," ते म्हणाले. "मी बहिरा नाही."

"या, या, बसा!" आई तितक्याच मोठ्यानं म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. ती लाजली. तिनं आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण तिला तो जमेना. वर्गात खाली बोलायची सवयच नव्हती तिला. कधी एकदम मोठा, कधी नुसती हवा. आम्हीही तसंच केलं. साहेबांनी नाव विचारलेल्या पहिल्या पोरीनं ते असं सांगितलं की गल्लीतला चहावाला आत डोकावला. त्या शांत वर्गात आम्ही सगळ्या भांडखोर वाटत होतो. साहेबांचं तोंड जरा आंबट झालं.

वर्गाची लाज राखायला आईनं मग तिचं हुकमी पान काढलं. तेलुगू पोरीला पुढे बोलावलं. तीही आनंदानं गेली आणि सवयीनं आईच्या गुडघ्यांमधे जाऊन उभी राहिली. आईनं कार्डं दाखवली, तिनं सगळी वाचली. मग साहेबांकडे वळून, हनुवटी वर करून तिनं त्यांनाच विचारलं, "तुमाला येतं का?"

साहेब पहिल्यांदा हसले. "बाई, ही तुमचीच मुलगी ना?" ते म्हणाले. "बोलण्याची ढब तुमचीच आहे. बघताक्षणी कळतं."

आई नुसती हसली. मी वाट पाहिली. ती आता 'नाही' म्हणेल, आता माझ्याकडे बोट दाखवेल. आईनं त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "इथल्या सगळ्या माझ्याच."

मी उभी राहिले. "ती न्हाय!" मी ओरडले. "मी! मी हाय तिची मुलगी!"

लूम चालू असते तर ते वाक्य मागच्या रांगेतच विरून गेलं असतं. शुक्रवार असल्यामुळे ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं. पोरी माझ्याकडे बघू लागल्या. काहींना ते खरंच माहीत नव्हतं.

"असं होय," साहेब म्हणाले. "मग तुला तर सगळं येत असेल. ये बघू पुढे." त्यांनी टेबलावरचं एक कार्ड उचललं आणि माझ्यासमोर धरलं. 'ब' होता.

मी कार्डाकडे बघितलं, मग आईकडे. मला ते अक्षर येत होतं. बाकीची सगळी येत होती, भिंतीवरची जोडाक्षरंसुद्धा येत होती. वाचलं असतं तर साहेबांना, पोरींना, सगळ्यांना पटलं असतं की बाईंची मुलगी ती ही. पण वाचलं असतं तर माझं ढोंगही उघडं पडलं असतं आणि गळा कायमचा गेला असता. तेलुगू पोर अजून आईच्या गुडघ्यांमधेच उभी होती. तिनं मला मदत म्हणून ओठ मिटले आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं.

ते बघून माझं डोकंच फिरलं. "प," मी म्हटलं.

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि आईकडे बघितलं. बरोबरच्या माणसानं फाईलमधे तोंड घातलं. आईच्या मानेवर लाल डाग उमटले, ती रागावली किंवा लाजली की उमटतात तसे. मला वाटलं, आता तरी. आता सगळ्यांसमोर मला येत नाही हे सिद्ध झालं, आता तरी ती 'ये इकडे' म्हणेल आणि त्या पोरीला बाजूला करेल.

"लहान आहे अजून," आई म्हणाली. "येईल." आणि मला म्हणाली, "बस खाली."

साहेब गेल्यावर मोठ्या बाई खाली येऊन गेल्या. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं तेवढं दिसलं. त्या दिवशी रिक्षात मी तिच्या मांडीवर बसले नाही. पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी जागा होती, तिथे जाऊन बसले. लूम बंद होते, तिचा आवाज शाबूत असणार होता, ती कोल्ह्याचं गाणं म्हणू शकली असती. मी मागितलं नाही, तिनं म्हटलं नाही. कोन येईपर्यंत मी समोरच्या ट्रकचे नंबर वाचत बसले.

सोमवारपासून मी मुकाट वाचायला लागले. 'प'ला 'प' आणि 'ब'ला 'ब'. काही मिळणार नसेल तर ढोंग कशाला करायचं? तेलुगू पोरीला वाटलं तिनंच मला शिकवलं. ती टाळ्या वाजवत आईकडे धावली, आणि आईनं तिला शाबासकी दिली. माझ्या अक्षरांची शाबासकीसुद्धा तिलाच.

पुढे मी पहिलीत गेले, आईच्या वर्गातून बाहेर पडले. तेलुगू पोर चौथीपर्यंत शाळेत होती. मग तिचे वडील कामाला होते तो गाळा बंद झाला आणि ते सगळे गावाला निघून गेले. जायच्या आधी ती आईला भेटायला कोनला आली होती, हातात गजरा घेऊन. आईनं तो माळला आणि दिवसभर डोळे पुसत होती. मला वाटलं, चला, जागा रिकामी झाली. पण कसली रिकामी? त्या वर्षी शिशुवर्गात बिहारची एक गोबऱ्या गालांची पोर आली होती आणि रोज गळा घेत होती. तिच्यानंतर जुळ्या बहिणी आल्या, दोघींचे दोन हात एकदम. दर जूनमधे नव्या पोरी. एकच असती तर तिचा हेवा करून मी दमून थांबले असते, पण त्या संपतच नव्हत्या. दहावीत मला चांगले गुण मिळाले तेव्हा वडिलांनी पेढे आणले. आईनं त्यातला अर्धा पुडा शिशुवर्गाला नेला.

आता ती निवृत्त झाली आहे. कोनला आम्ही एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, ती आमच्याकडे असते. तिच्या स्वरयंत्रावर गाठी झाल्यात, डॉक्टरांनी सांगितलंय, बोलणं कमी करा, शक्यतो नकोच. इतक्या वर्षांनी ती दिवसभर माझ्या घरात आहे, शाळा नाही, बाई म्हणायचं बंधन नाही, आणि आता डॉक्टरांची मनाई. आमचं बहुतेक पूर्वीसारखंच चालतं. भाजीत मीठ कमी असेल तर ती दोन बोटं चोळून दाखवते.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. ती इंग्रजी शाळेत जाते, आणि दुपारी आजी तिला मराठी अक्षरं शिकवते. त्यासाठी आजी डॉक्टरांची मनाई मोडते. मी गोदामात बिलिंगचं काम करते, त्यामुळे दुपारी घरी नसते; हे सगळं मला मुलीकडून ऐकून माहीत होतं. परवा सुट्टी होती म्हणून घरी होते. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि बाहेर दोघींचं चाललं होतं. मी दारातून बघितलं. आई खुर्चीवर, मुलगी तिच्या गुडघ्यांमधे, हात गळ्यावर.

"ब," आई म्हणाली. घोगरा, फाटका आवाज.

"प," मुलगी म्हणाली, आणि हसू दाबत तिनं तोंड आजीच्या खांद्यात खुपसलं.

आईनं तिचा हात पुन्हा ठेवला. "ब."

"प."

असं कितीतरी वेळ. आईला खोकला आला, ती पाणी प्यायली, परत तिनं हनुवटी वर केली. माझ्या पोरीला ब येतो. आदल्या रात्री तिनं बिस्किटाच्या पुड्यावरचा वाचून दाखवला होता मला. मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले.

"आई, तिला येतंय," मी म्हटलं. "नाटक करते ती."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"माहीत आहे? मग कशाला घसा फोडतेस? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

ती मुलीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुझंही माहीत होतं."

 मला वाटत होतं ते फक्त मला ठाऊक आहे.

"कधीपासून?"

"बदकाच्या चित्रापासून. तू तर आधीपासून जोडाक्षरं वाचायचीस."

"मग साहेबांसमोर सांगायचंस ना. तुझी केवढी शोभा झाली."

"त्यांच्यासमोर तुला खोटी पाडू?" एवढं बोलून तिला थांबावं लागलं. तिनं घसा खाकरला. "आणि तेव्हा जवळ घेतलं असतं तर मला काहीच येत नाही, असंच तू म्हणत राहिली असतीस. कायम."

हे पटण्यासारखं होतं. मला पटलंही. पण पटलं म्हणून पोटातलं दुखणं थोडंच थांबतं?

"हिला मात्र घेतेस," मी म्हटलं. "हिला येत असून घेतेस."

"हिला शिकवायला शाळेत बाई आहेत," आई म्हणाली. "मला कुठे शिकवायचंय?"

मुलगी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती, हात अजून आजीच्या गळ्यावरच. तिला काही कळत नव्हतं आणि कशाची घाईही नव्हती. डॉक्टरांनी सांगितलंय की आहे तो आवाज जपून वापरला तर टिकेल. तो सगळा ही पोर एका अक्षरावर उधळून घेत होती. मला तिचा हेवा वाटला. माझ्या स्वतःच्या, चार वर्षांच्या मुलीचा, आणि साधासुधा नाही. तिला उचलून बाजूला ठेवावं असं वाटण्याइतका.

"आई," मी म्हटलं, "मलाही ब येत नाही."

हसण्यावारी न्यावं म्हणून मी ते म्हटलं होतं, पण आवाज तसा लागला नाही. आईनं माझ्याकडे बघितलं. आत तव्यावरची पोळी करपल्याचा वास यायला लागला होता.

"तुला येतं गं," ती म्हणाली, आणि पोरीकडे वळून तिनं हनुवटी वर केली.